मामांच्या दिवाणावरची दुपार

आख्ख्या बाभुळगावात वाईट स्वप्न पडून दचकून उठलेला माणूस पाण्याच्या तांब्याआधी ज्यांची आठवण काढतो असे गृहस्थ एकच, आणि माझं नशीब असं की ते नेमके माझ्या बायकोचे मामा आहेत. शिक्षण दहावी, नोकरी गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधकाची आणि निवृत्तीनंतरचा उद्योग मनोविश्लेषण! "बैलाचं पोट दुखते तं बैल सांगत नाही, म्हणून आपण त्याले नीट पाहतो," असं त्यांचं म्हणणं. "माणूस सांगते, म्हणून त्याले कोणी पाहत नाही." एवढ्या भांडवलावर त्यांनी समोरच्या खोलीत एक दिवाण टाकला, त्याच्या उशाशी आपली लाकडी खुर्ची मांडली आणि गावाला आडवं करायला सुरुवात केली.

या सगळ्याचं मूळ एक पुस्तक. वाचनालयानं रद्दीत काढलेलं, पहिली आणि शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. लेखकाचं नावसुद्धा तिनं सोडलं नव्हतं. उरलेल्या मजकुरावरून मामांना एवढंच कळलं की व्हिएन्ना नावाच्या गावी एक दाढीवाला डॉक्टर आहे. तो पेशंटला कोचावर निजवतो, स्वतः दिसणार नाही असा त्याच्या डोक्यामागे बसतो आणि मनात येईल ते बोलू देतो. 'आहे' असंच मामा म्हणायचे. मी एकदा बोलून गेलो, "अहो मामा, तो जाऊन जमाना झाला. त्याचे चेले आपसात भांडले, कित्येकांनी त्याचं म्हणणं खोडून काढलं, तरी अजून जग त्याच्याच भाषेत बोलतं." मामांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. उठून मोरीत गेले आणि डोक्यावरून आंघोळ करून आले. सुतकाची! पुढे दोन दिवस चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला.

त्यांच्या घरात कोणाला काही विसरायची सोय नाही. एकदा मी हेल्मेट विसरलो आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो, तर मामा ते हातात घेऊन दारातच उभे. "इसरले नाही तुमी जवाईबुवा, ठेवून गेलते. तुमाले वापस याचं होतं." मी गणिताचा मास्तर, मला असल्या गोष्टींचा भयंकर संताप येतो. त्यातून मामींच्या चुलीवर वांगी भाजल्याचा वास येत होता, म्हणजे मामांचं खरंच होतं, त्यामुळे संताप आणखी वाढला. माझ्या बायकोनं एकदा मला चुकून भावाच्या नावानं हाक मारली. त्यावर मामांनी तिला असे काही प्रश्न विचारले की आता ती त्यांच्यासमोर कोणालाच नावानं हाक मारत नाही.

पण मामांना खरं ऐकायचं होतं ते एकाच माणसाचं, मामींचं. त्यांची मुलगी मीनू सहा वर्षांची असताना तापात गेली. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव निघालेलं मी कधी ऐकलं नाही. मामी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायच्या, मीनूपाशी आल्या की भाजीला फोडणी द्यायला उठायच्या. "आतल्या आत सडून राह्यली थे," मामा मला म्हणायचे. "एकदा दिवाणावर झोपली अन् पोरीचं नाव घेतलं, तं मोकळी होईन." मामींचं उत्तर ठरलेलं, "मले नाही पडत सपनं-बिपनं." त्या दिवाणावर निजणं सोडाच, त्या टेकतसुद्धा नसत. झाडताना मात्र गादीवरून असा हात फिरवायच्या की जणू खाली कोणी झोपलंय.

गेल्या वैशाखात मी गेलो तेव्हा मामांचा चेहरा उतरलेला होता. पेशंटांची स्वप्नं ते जिच्यात उतरवून ठेवत, ती वही त्यांनी माझ्यापुढे टाकली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात भरदुपारी, कूलरच्या घरघरीत, निजलेला माणूस बोलता बोलता घोरायला लागतो. तसाच पीठगिरणीवाला झोपला होता आणि घामाघूम होऊन उठला होता. स्वप्नात एक लहान मुलगी पाठमोरी बसलेली, एक पाय अनवाणी. 'माही दुसरी चप्पल कुठी हाये?' असं ती विचारत होती. पंधरा दिवसांनी उमरखेडहून बदलून आलेली पोस्टातली बाई झोपली. गावात नवी, कोणाच्या घरातलं काही ठाऊक नाही. तिलाही तीच मुलगी दिसली, तोच प्रश्न.

"गिरणीवाल्यानं सांगितलं असेल तिला," मी म्हणालो. मामांनी वही पुन्हा माझ्याकडे सरकवली. मला आला राग. म्हटलं, सरका, मीच झोपतो, आणि या भाकडकथेचा एकदाचा निकाल लावतो. आडवा झालो. खिडकीवर ओलं पोतं टांगलेलं, खोलीत हिरवट अंधार, डोक्यामागे मामांचा श्वास. मामा दिसत नाहीत, पण आहेत. हे इतकं चमत्कारिक वाटतं की डोळे मिटावेच लागतात. मी सतराचा पाढा म्हणायला घेतला.

एकशे दोनच्या पुढे मी गेलो नाही. ती स्कूटरवर बसलेली होती, दोन माणसांच्या मध्ये, पाठमोरी. माणसांची डोकी दिसत नव्हती. तिचा अनवाणी पाय हलत होता. ती मागे वळून बघणार असं मला वाटलं, आणि तिनं बघू नये म्हणून मी ओरडलो.

जाग आली तेव्हा मी उठून बसलो होतो आणि बडबडत होतो, "निळा पट्टा होता... चपलेला निळा पट्टा..." वहीत पट्ट्याचा उल्लेख नव्हता, मी नंतर दोनदा पाहिलं. दारात मामी उभ्या होत्या.

"पट्टा म्याच बदलून देल्ला होता," त्या म्हणाल्या. मग मामांकडे वळून, अगदी भाजीचं सांगावं तशा आवाजात, "तिची गादी तुमी गावाबाहेर टाकाले देल्ली होती, गेलेल्या माणसाची टाकतात तशी. मी नाही टाकू देल्ली. पिंजाऱ्याले सांगून तिचा कापूस ह्या गादीत भरून घेतला."

मी गादीवरून उठलो तो थेट भिंतीला जाऊन टेकलो.

"आता तुमी झोपा," मामी म्हणाल्या.

"मी? मी कायले?"

"झोपा म्हणते ना."

मामा झोपले. गावाला निजवणारा तो माणूस स्वतः त्या दिवाणावर कधीच आडवा झाला नव्हता, हे माझ्याही तेव्हा लक्षात आलं. मामी खुर्चीत बसल्या. मग मामा बोलायला लागले तेव्हा तो आवाज मला ओळखू येईना.

"दवाखान्यात नेत होतो. घाई होती. थे म्हणाली, बाबा, माही चप्पल पडली. मी... मी ओरडलो तिच्यावर. चूप बस म्हटलं. अन् मग थे चूपच झाली. मीनू... मीनू पुन्हा बोललीच नाही."

मामींनी मागून त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "मी मांगंच बसली होती ना."

मामांचं ते रडणं मला ऐकवेना. मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो आणि डांबरी रस्ता पायाला भाजला तेव्हा त्या घातल्या.

दिवाण आता बंद आहे. गाव हळहळतं, पोस्टातली बाई अजून चौकशी करते. मामा-मामी दोघं त्याच गादीवर बसून संध्याकाळी चहा पितात. मी गेलो की दोघांची हमखास भांडणं चाललेली असतात. मीनूला कारलं आवडायचं, असं मामा म्हणतात. ती ताटाखाली लपवायची, असं मामी म्हणतात. मला पंच नेमतात, मी काय सांगणार कपाळ! "असती तं तिलेच इचारलं असतं," मामी मध्येच म्हणून जातात, आणि मग दोघंही दाराकडे बघत राहतात.