साडूंची झूम लेन्स

माझे साडू एखादी वस्तू निवडायला बसले की ती वस्तू बाजारातून बंद झाल्याशिवाय उठत नाहीत. त्यांनी बायको पहिल्याच भेटीत कशी पसंत केली, याचं आमच्या सासरी अजून सगळ्यांना नवल वाटतं. ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, म्हणते, "पसंत मी केलं. हे अजून विचारच करताहेत." रेल्वेच्या संशोधन खात्यात डब्यांना बसणाऱ्या हादऱ्यांचा अभ्यास करण्यात साडूंची तीस वर्षं लखनौत गेली. निवृत्त झाल्यावर तिथल्याच मानक नगर भागात त्यांनी घर घेतलं आणि हादरे आम्हाला बसायला लागले.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी चावी देऊन चालवायचा एक जुना सोळा मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा पैदा केला. निमित्त आमचे सासरे. अप्पा फौजेत असताना जवानांना पडद्यावर सिनेमे दाखवायचे आणि निवृत्तीनंतर लखनौच्याच तेलीबागेत एकटेच राहायचे. एकदा नातीने काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ बघून ते सहज म्हणाले, "छान आहे. पण जन्मभर दुसऱ्यांची फिल्म चालवली, आपली अशी एकही नाही." साडूंनी ते मनावर घेतलं. मनावर घेणं हा त्यांचा सगळ्यात धोकादायक गुण.

कॅमेरा आला, फिल्मचे पाच रोल आले आणि फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी जाऊन बसले. राहिली फक्त झूम लेन्स. जवळचं आणि लांबचं एकाच नळीतून दिसतं, एवढी माहिती मला जन्माला पुरली असती. साडूंना पुरेना. "अरे, लांबचं जवळ ओढून फोकस केला आणि मग मागे आलो, तर फोकस जागेवर राहायला नको? ओढताना माणूस आणि सोडताना भूत, याला काय लेन्स म्हणायचं?" हे ते मला बँकेत फोन करून विचारायचे, समोर खातेदार ताटकळत असताना. पहिली लेन्स भूत दाखवते म्हणून बाद. दुसरी मध्यभागी छान, पण कोपऱ्यांत चित्र विरघळतं. तिसरीच्या आत बुरशी धरली होती. ओल शोषली जावी म्हणून ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली आणि ताईला ते सांगायचं राहिलं. खिचडीसाठी हात घातल्यावर तिच्या हाताला काय लागलं आणि त्यानंतर साडूंना काय ऐकावं लागलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रत्येक लेन्सची परीक्षा ठरलेली. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवायचं, त्याची फिल्म घ्यायची, धुवायला मुंबईच्या लॅबमध्ये पाठवायची, महिनाभर जेवणावरून लक्ष उडालेलं ठेवायचं आणि मग पट्टी उजेडात धरून भिंगातून वाचायची. "'वधू चाहिए' साफ आहे, पण 'गृहकार्य में दक्ष' पुसट येतंय. बाद!" एका रविवारी तर त्यांनी मला गोमतीच्या काठावर चाळीस फुटांवर उघडी छत्री घेऊन उभं केलं, छत्रीच्या काड्या मोजता यायला हव्या होत्या. जमिनीवर ताणलेली अंतर मोजायची टेप बघून पहारेकरी आला. "भाईसाहब, यहाँ पुल बनेगा क्या?" साडूंनी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं आणि शेवटी टेपचं दुसरं टोक त्याच्याच हातात दिलं. मी छत्री धरून उन्हात उभाच. अशा परीक्षांमध्ये चार रोल संपले. त्यांची मुलगी मराठीत काही सांगायच्या फंदात पडत नाही. ती म्हणाली, "पापा, अब शूट भी कर लो यार, नाना वेट कर रहे हैं."

पण तिच्या नानांना, म्हणजे अप्पांना, थांबता आलं नाही. हिवाळ्यात अप्पा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण यापुढे एकट्याने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. अप्पांना कायमचं घेऊन जायला साताऱ्याहून मेहुणा आला, सामान बांधलं गेलं. रविवारची गाडी होती. शनिवारी दुपारी आम्ही सगळे तेलीबागच्या अंगणात जमलो, तर साडू खाटेवर तिन्ही लेन्स मांडून बसलेले. ही लावून बघ, ती काढून बघ, यात दोन तास गेले, ऊन कलायला लागलं आणि माझा तोल सुटला. "दादा, फिल्म आहे पावणेतीन मिनिटांची! माणूस उद्या चाललाय!"

अप्पा खुर्चीतून हसले. "जावईबापू, कुठलीही लावा. थोबाड तेच यायचंय." आणि हात लांब करून त्यांनी समोरची एक उचलून दिली. नेमकी पहिली, भुताची. साडूंनी मुकाट्याने ती लावली आणि कॅमेऱ्यापासून अप्पांच्या नाकापर्यंत टेप ताणली. तेवढ्यात अप्पा काठी टेकत उठून कॅमेऱ्यामागे आले. "बघू मला. फिल्म चालवली पुष्कळ, काढली कधीच नाही." कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी तिपाईवरच्या कॅमेऱ्याला चावी दिली, डोळा लावला आणि खटका दाबला. "अप्पा, आधी ओढून फोकस! अप्पा, फोकस!" साडू टेप हलवत ओरडत होते आणि कॅमेरा त्यांच्याकडेच तोंड करून घरघरत होता. अप्पांनी पुन्हा पुन्हा चावी दिली. साडू, ताई, नात, माझी बायको, मी, सगळ्यांना टिपलं आणि अख्खा रोल संपवला. साडू डोकं धरून खाटेवर बसले. ज्यांच्यासाठी दोन वर्षं खपले, त्यांचा चेहरा फिल्मवर एकदाही आला नव्हता.

दीड महिन्याने लॅबकडून फिल्मचं डिजिटल चित्रण आलं. साडूंच्या घरी टीव्हीवर लावलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं पुसट. कॅमेऱ्याला लावलेल्या अप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हे साताऱ्याला तपासणीत कळेपर्यंत दोन वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. धुक्यात साडूंसारखं काहीतरी हातवारे करत होतं. शेवटी फरशीवर एक लांब सावली सरकत आली, वाकलेली, कॅमेऱ्याला डोळा लावलेली. मी 'बाद' ऐकायच्या तयारीने बसलो होतो. साडूंनी ती तीनदा बघितली.

मग त्यांनी साताऱ्याला फोन लावला.

"आली का?" अप्पांचा आवाज. "शार्प आहे ना?"

साडूंनी चष्मा काढला. "एकदम शार्प, अप्पा."

"मग तीच लेन्स ठेवा. बाकीच्या देऊन टाका."

"हो, तीच ठेवतो," साडू म्हणाले आणि फोन बंद झाल्यावरही बराच वेळ चष्मा पुसत राहिले.