बाटलीतलं तीर्थ

माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांची गोष्ट मी कुणाला धड सांगितली नाही. कुणी विचारलं की ‘काचबिंदू’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. काचबिंदूच होता, त्यात खोटं काही नाही. पण त्याने एकट्याने नेले नाहीत त्यांचे डोळे. मी हातभार लावला.

तंजावुरात तेव्हा गल्लोगल्ली टेलिफोनचे बूथ निघत होते. ह्यांनीही भाताच्या गिरणीतली कारकुनी सोडून बस स्टँडजवळ एक टाकला. काचेची खोली, पिवळी पाटी आणि बोलणं संपलं की मीटरवर लाल आकडे. एक दिवस ह्यांना त्या आकड्यांच्या कडा दिसेनाशा झाल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “डोळ्यांतला दाब वाढलाय. गेली ती नजर परत येणार नाही. आहे ती राखायची. हे थेंब सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. एक दिवस चुकवायचा नाही.”

जन्मभर! माझं डोकंच फिरलं. ह्यांची चाळिशीही उलटली नव्हती. परत येणार नाही म्हणणारा हा कोण लागून गेला?

आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीतली मराठी माणसं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असे कित्येक पिढ्या इथे मुरलेलो. आमच्या पोरींना पाळण्यापासून एक गोष्ट ऐकवतात. अंगावर देवीचा रोग येऊन आमच्या मराठी राजाच्या लेकीची दृष्टी गेली आणि गावाबाहेरच्या देवळातल्या मारियम्मा देवीने ती परत दिली. शेजारची तमिळ बाईही तिला नवस बोलते, पण ती भीत भीत मागते. आम्ही हक्काने मागतो. आमच्या राजाच्या लेकीला डोळे दिलेस ना, मग आम्हाला कसे देत नाहीस बघू! राज्य कधीच गेलं, ताठा काही जात नाही.

तर मी नवस बोलले. अठ्ठेचाळीस दिवस रोज सकाळी देवळात जायचं, डोळ्यांना तीर्थ लावायचं आणि शेवटी चांदीचे डोळे वाहायचे. माझ्या माहेरचा दंडक असा, की नवस चालू असताना दुसरं औषध घ्यायचं नाही. देवीने बरं केलं की औषधाने, असा संशय मनात राहतो आणि देवीला संशय खपत नाही. हे मात्र ऐकेनात. “नवस नवसाच्या जागी, थेंब थेंबांच्या जागी,” म्हणाले.

“बरं,” म्हटलं मी. थेंब पहिल्या दिवसापासून मीच घालायची. नवसाच्या पहिल्याच सकाळी बाटली मोरीत रिकामी केली आणि तिच्यात तीर्थ भरलं. वाईट वाटलं का? छे. उलट देवीचं नि माझं काहीतरी गुपित जमलंय असं वाटून मी आतल्या आत खूश होते. अठ्ठेचाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी त्यांच्या डोळ्यांत पाणी घातलं.

काचबिंदू दुखत नाही. तिथेच तो माणसाला फसवतो. नवस फेडला, चांदीचे डोळे वाहिले आणि दहा दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “डावा गेला. उजव्यात मधोमध थोडं उरलंय. थेंब चुकवलेत का?”

“एकदाही नाही,” हे म्हणाले. “बायको स्वतः घालते.”

डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. चिठ्ठी घेतली आणि ह्यांचा हात धरून बाहेर आले.

नवे, जास्त कडक थेंब मिळाले. ते मी इमानाने घातले. बूथमध्ये मी बसू लागले आणि लाल आकडे मी वाचू लागले. हे बाहेर स्टुलावर. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, आवाज ऐकला की नंबर सांगायचे. लोक वाहवा करायचे. मला ते ऐकवत नसे.

दर मंगळवारी मी बसने मारियम्मेकडे जायची. खांबाला धरून रडायची. आई गं, चुकले, पदरात घे. आणि ती घ्यायची की! तासाभराने मी डोळे पुसून, मोगऱ्याचा गजरा माळून परत. घरी हे तांब्या शोधत टेबलावर हात फिरवत असायचे आणि मी हलकी झालेली असायची.

असं वर्षभर चाललं. एका मंगळवारी परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, मी गाणं गुणगुणतेय. गाणं! नवऱ्याचे डोळे घालवून बाई गुणगुणतेय! शिसारी आली मला स्वतःची. देवी मला क्षमा करत होती की मीच तिच्या तोंडून ती वदवून घेत होते? ज्याचं गेलं त्याला अवाक्षर सांगायचं नाही आणि मूर्तीपुढे रडून मोकळं व्हायचं. जनाची नाही तर मनाची तरी!

घरी आले ती चप्पल न काढताच बोलले. “नवसाच्या वेळी बाटलीत औषध नव्हतं. तीर्थ होतं. मी भरलेलं.”

“माहीत आहे,” हे म्हणाले. “दुसऱ्याच दिवशी कळलं. खरे थेंब झोंबतात गं. ते झोंबत नव्हते.”

इतकं होऊन चिडले कोण, तर मी. “मग बोलला का नाहीत? वर्षभर मला जळत ठेवलंत!”

“तू कुठे जळत होतीस? गजरा माळून यायचीस.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि खोटं कशाला बोलू? न झोंबणारं बरं वाटत होतं. मलाही वाटलं, राजाच्या लेकीला डोळे मिळाले तसे मिळतील.”

 माफ केलं का, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

देवळात मी जाते. आता खांब धरत नाही, सरळ उभी राहते आणि ‘मी केलं’ एवढंच म्हणते. हलकं कर म्हणून मागत नाही. फार जड जातं. पण इतकी वर्षं मी देवीला ओळखतच नव्हते, नुसती वापरत होते, हे कळलं. आणि ते काही देवळात कळलं नाही.

ह्यांना सांगितलं त्याच संध्याकाळी थेंबांची वेळ झाली. मी बाटली घेऊन गेले, तर ह्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. चाचपडत झाकण उघडलं, एक थेंब तळहातावर पाडला आणि जिभेला लावला. कडू लागला. मग बाटली परत माझ्या हातात देऊन त्यांनी मान मागे टाकली.

तेव्हापासून रोज दोनदा असंच. त्यांचं चाखून होईपर्यंत मी उभी राहते.