वाट चुकलेल्या माणसाची निवड

चांदा जिल्ह्यात जंगल खात्याच्या एका रेंज ऑफिसात मी कारकून होतो. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, अर्ज हिंदीत यायचे आणि शिव्या मराठीत दिल्या जायच्या. आमचा एक म्हातारा नाकेदार निवृत्त होणार होता. त्याचा नाका गावापासून सात कोस आत, भर सागवानात. एक खोली, रस्त्यावर एक आडवं फाटक, आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक लाकडाचा पास बघायचा, एवढं काम. त्या जागेवर नवा माणूस घ्यायचा होता.

मुलाखती रेंजर साहेबांनी घेतल्या. मी शेजारच्या टेबलावर उत्तरं लिहून घेत होतो. साहेबांचे प्रश्न तीन होते. प्रामाणिक आहेस का? दारू पितोस का? वाघाला भितोस का? पाच उमेदवार आले. पाचही जण प्रामाणिक निघाले, पाचांपैकी कोणी दारूला शिवलेलं नव्हतं आणि वाघाला तर कोणीच भीत नव्हतं. दुसऱ्या उमेदवारानंतर मी उत्तरं आधीच लिहून ठेवली आणि एकदाही खोडावं लागलं नाही. शेवटी ज्याने सगळ्यात मोठ्यांदा "नाई साहेब!" म्हटलं, त्याला साहेबांनी निवडलं. छातीही चांगली रुंद होती त्याची.

नवव्या दिवशी तो डोक्यावर ट्रंक घेऊन ऑफिसच्या दारात उभा.

"काय रे, वाघ दिसला का?" साहेबांनी विचारलं.

"वाघ नाई साहेब. तिथी बोलाले कोणीच नाई. दिवसभर कोणाशी बोलू? मले नाई जमत."

आणि तो गेला. वाघाची चौकशी आम्ही केली होती, एकटेपणाची केली नव्हती.

म्हातारा नाकेदार पुन्हा नाक्यावर गेला, पण जायच्या आधी साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, रागावू नका. तुमी 'कसा आहेस' म्हून इचारता. मी वाईट आहो म्हून कोन सांगन? 'काय झालं होतं' ते इचारा. जंगलात वाट चुकला होतास का, अन् मंग काय केलं, एवढंच इचारा."

साहेबांना ते फारसं रुचलं नाही, पण दुसरा उपायही नव्हता.

दुसऱ्या खेपेला तिघे आले. पहिला म्हणाला, मी कधी वाट चुकतच नाही, इथलं झाड न् झाड माझ्या ओळखीचं आहे. दुसरा चुकला होता, पण त्यात त्याचा काही दोष नव्हता, चकव्याने त्याला फिरवलं होतं. तिसरा गोंडपिपरीकडचा, धानाची शेती करणाऱ्या घरातला, अंगाने अगदीच किरकोळ. तो म्हणाला,

"चुकलो होतो साहेब. बैल हरपले होते, ते शोधाले गेलो. चालता चालता मातीत पावलं दिसली. म्हटलं, चला, कोणीतरी माणूस आहे. पाहतो तं माझीच पावलं. गोल फिरून राह्यलो होतो."

"मग?"

"मंग खाली बसलो अन् रडलो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहून घेतलं : रडला.

"मंग नाला लागला. म्हटलं, नाला कुठंतरी गावाले जाईनच. त्याच्या काठानं गेलो. गोंडांच्या एका पाड्यावर एका बाईनं आंबील पाजली, रस्ता दाखवला."

"घरी काय सांगितलंस?"

"चुकलो म्हून सांगतलं. बैल माझ्याआधीच घरी आले होते."

साहेब हसले. त्याला तिथल्या तिथे घेतलं. पुढे चांद्याला गेले की साहेब मोठ्या साहेबांना सांगत, माणूस ओळखायचा तर एकच प्रश्न विचारावा, आणि तो मी शोधून काढला आहे. म्हाताऱ्याचं नाव त्यात कधी आलं नाही.

नव्या नाकेदाराबद्दल तक्रार नव्हती. चार महिने सगळं सुरळीत होतं. मग साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. पलंगासाठी सागवानाच्या फळ्या हव्या होत्या. त्या नाक्याच्या आत, जंगलातच एका बैलगाडीत भरल्या गेल्या. पास नव्हता. गाडीवान विचारायला आला तेव्हा मीच म्हणालो होतो, "साहेबांची गाडी कोण अडवते? जा बिनधास्त."

दुसऱ्या दिवशी गाडीवान पायी आला. हातात नाकेदाराची चिठ्ठी. साहेबांनी ती मला मोठ्याने वाचायला सांगितली, आणि मी वाचत गेलो : "बिनपासची सागवानाची गाडी अडवली आहे. गाडीवान म्हणतो माल साहेबांचा आहे. साहेबांचा असता तर पास असताच. कोणीतरी साहेबांचं नाव बदनाम करून राह्यलं आहे. चौकशी व्हावी."

शेवटच्या दोन ओळी मी जरा हळूच वाचल्या.

साहेबांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "बरोबर आहे. कोणीतरी माझं नाव वापरलंय." दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. फळ्या सरकारजमा झाल्या. मुलीला नागपूरहून लोखंडी पलंग आणला.

लग्न पार पडलं आणि आठवड्याभरात साहेबांनी मला वर पाठवायचं एक पत्र लिहायला सांगितलं. नाकेदाराची सचोटी लक्षात घेता त्याची सिरोंच्याच्या बाजूच्या अतिदुर्गम नाक्यावर बदली करण्यासाठी शिफारस करण्यात येत आहे. 'सचोटी' हा शब्द साहेबांचाच. 'अतिदुर्गम' मी घातला, वाक्य भरीव व्हावं म्हणून.

मंजुरी आल्यावर तो ऑफिसात कागद घ्यायला आला. सहीच्या आधी त्याने विचारलं, "बाबूजी, माझ्या हातून काई चुकलं का?"

खरं उत्तर मला माहीत होतं, आणि त्याच्याइतकं सरळ ते देणारा माणूस मी नव्हतो. "नाही रे," मी म्हणालो, "बढतीच समज." त्याने कागद कपाळाला लावला. मला त्याच्याकडे बघवलं नाही, म्हणून मी शाईची दौत पुसत बसलो.

दोनेक वर्षांनी चामोर्शीच्या बाजारात तो भेटला. सोबत बायको होती. तिकडे तेलुगू शिकला होता, पाड्यावरचे लोक त्याच्याकडून अर्ज लिहून घेत. बरा जाड झाला होता.

"साहेब कसे आहेत?" त्याने विचारलं.

"बरे आहेत. आता चांद्याला असतात."

"मोठा माणूस," तो बायकोला म्हणाला. "मी रडलो म्हून सांगतलं तरी नोकरी देल्ली त्याईनं." मग पिशवीतून मूठभर चारोळ्या काढून त्याने माझ्या रुमालात बांधल्या. मी नको म्हणत होतो, पण गाठ बांधून झाली होती.