साप चावल्यावर काय करायचं

गडचिरोलीहून एसटीने धानोऱ्याच्या कॉलेजात पोचेपर्यंत माझा निम्मा जीव गेलेला असायचा. मी पर्यावरण शिकवते. त्या वर्षी वर्गातले बहुतेक प्रकल्प एकाच वेबसाइटवरून उतरवलेले निघाले, चुकांसकट. मी वैतागून ते गठ्ठे ग्रंथालयात नेऊन आपटले.

आमच्या ग्रंथपालांनी ते शांतपणे चाळले. म्हणाले, "मॅडम, रागावून काय फायदा? खरं कसं शोधाचं, हे आपन त्यायले कधी सांगतलंच नाई."

मग शनिवारचा एक तास आम्ही दोघं मिळून घ्यायला लागलो. पहिला विषय साप चावणे. पोरांनी मोबाइलवर शोधलं; कोणाला 'घट्ट बांधा' सापडलं, कोणाला 'चिरा देऊन रक्त काढा'. ग्रंथपालांनी 'बांधू नका, कापू नका, दवाखान्यात न्या' सांगणारी आरोग्य खात्याची पुस्तिका पुढे ठेवली आणि प्रत्येक माहितीबद्दल हेच विचारायला लावलं: हे लिहिलं कोणी? त्याला कसं माहीत? पोरं जांभया देत होती. मलाही झोप येत होती.

धानकापणीच्या दिवसांत मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी आठवडाभर आली नाही. आली ती थेट ग्रंथालयात. तिच्या काकाला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, साप चावला होता.

"लोकं ब्लेड घेऊन आले होते, मॅडम. मी म्हटलं, कापू नका, दवाखान्यात न्या. आजा म्हने, तुले काय समजते? मी म्हटलं, मले नाई समजत, पन ज्याले समजते त्याचं मी वाचलं आहे."

"मग?"

"मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून आनलं. वाचला. पाय अजून सुजून आहे."

मी खुर्चीत बसले. आनंद व्हायला हवा होता. आधी आठवलं ते हे, की त्या तासाला मलाच झोप येत होती. ग्रंथपाल चष्मा पुसत राहिले.

पुढच्या सत्रात तो तास वेळापत्रकातून गेला. अभ्यासक्रमात नाही, असं कारण मिळालं. ग्रंथपालांना प्रवेशाच्या कामाला लावलं. आता कॉलेज सुटल्यावर आम्ही ग्रंथालयात बसतो. ती मुलगी येते, कधी मैत्रिणीला ओढून आणते. बाकीच्यांना गावची गाडी गाठायची असते, आणि त्यांचंही चुकत नाही.

काल कोणीच आलं नाही. ग्रंथपाल म्हणाले, "अजून थोडं थांबून पाहू का?"

मी होकार दिला खरा, पण दमून, डोळे मिटूनच.