दोन कॉलेजांची गाणी आणि एक कॉम्प्युटर

बातमीला जागा लागते, किश्श्याला लागत नाही. म्हणून पेपरात जे मावलं नाही, ते सगळं माझ्याकडे साचलंय. त्यातलंच हे नव्वदच्या दशकातलं, जळगाव-धुळ्याचं.

जळगावच्या कॉलेजात शिकवणाऱ्या पाटील सरांनी भांडून दोन्ही गावांच्या एकेका कॉलेजात कॉम्प्युटर आणवला. लग्नातली अहिराणी गाणी त्यात साठवायची, दोन्हीकडे ऐकायची आणि गाणाऱ्या बायकांनीच त्यांचा अभ्यास करायचा! जळगावचे प्राचार्य मात्र पहिल्या दिवसापासून टपलेले. ‘‘ही हौस फिटली की कॉम्प्युटर माझ्या ऑफिसात हलवा!’’

*

जळगावच्या गायिका गोदाअक्का. चपला बाहेर काढून आत आल्या, कॉम्प्युटरला हात जोडले.

‘‘सर, याले निवद काय लागस?’’

‘‘वीज, अक्का.’’

तेवढ्यात लाइट गेली.

‘‘मंग आज याना उपास शे!’’

*

दोन गावांना जोडणारी लाइन कुठली? एसटीचा कंडक्टर! गाणं तोडून चार-पाच फ्लॉप्यांवर भरायचं आणि त्याच्या हाती द्यायचं. एकदा धुळ्याहून फोन आला, ‘‘सर, नवरी रुसली आणि एकदम सासरी नांदायलाच लागली! मधलं कुठंय?’’

मधली फ्लॉपी वाटेतल्या पारोळ्यालाच उतरली होती.

*

धुळ्याच्या बायकांनी अक्कांचं गाणं ऐकलं. चाल चुकली म्हणाल्या आणि आपली चाल भरून पाठवली. अक्कांनी ती शांतपणे ऐकली.

‘‘सर, मनं गानं परत भरी ल्या. आनि त्यास्ले सांगा, धुळानं पानी पिसन गळा बसी गया तुमना!’’

पुढे वर्षभर ते भांडण एसटीनं ये-जा करत होतं. सर खूश. ‘‘यालाच संशोधन म्हणतात!’’

*

प्राचार्यांना ते पटेना. ‘‘बायकांची गाणी! यात कसलं आलंय संशोधन?’’

माझं डोकं फिरलं. विचारलं, ‘‘सर, तुमचा प्रबंध कशावर होता?’’

त्यांनी घाईघाईनं समोरची फाइल उघडली. ‘‘फार जुनी गोष्ट आहे हो ती!’’

*

शेवटी हळदीचं गाणं उरलं. अक्का अडून बसल्या.

‘‘नवरदेव नही आनि हळदनं गानं? अपशकुन व्हई!’’

‘‘ह्यालाच नवरदेव समजा,’’ सर कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाले.

अक्कांनी खरोखरच वाटीत हळद कालवली, मॉनिटरच्या दोन्ही गालांना लावली आणि सूर धरला. कडवं अर्ध्यावर आलं, तोच प्राचार्य दोन हमाल घेऊन दारात!

‘‘पुरे झालं. उचला रे!’’

सरांचा चेहरा उतरला. मी भांडायला उठलो, तर अक्कांनी मला हातानं खाली बसवलं आणि हमालांकडे वळल्या.

‘‘भाऊ, नवरदेवले हळद लागी गयी, मंग लगीनना आधी घरबाहेर काढतस का रे?’’

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

‘‘अरे, मशीन आहे ते!’’ प्राचार्य ओरडले.

थोरल्या हमालानं डोक्यावरची टोपी नीट केली. ‘‘साहेब, लगीननी तारीख कोनती शे? मंग येतस आम्ही.’’