रानडुकराची काडतुसं

सुमे, फोन नीट कानाला लाव. बंदुकीनं उडत्या तबकड्या फोडायला शिकतीयास आणि आत्याला न विचारता जड काडतुसं घेतलीस व्हय गं? ऐकलं आणि बंदुकीच्या दारूचा वासच आला बघ नाकात.

मीबी पहिल्या दिवशी शेतावरच्या रानडुकरांसाठी ठेवलेली काडतुसं ऐटीत नेमबाजीच्या रेंजवर नेलती. एक तरी तबकडी फुटली तरच पुन्हा पाठवणार, असं संगं आलेल्या आबांनी बजावलंतं. शिकवणारे सर म्हणाले, "आक्का, मातीची तबकडी फोडायचीया, डुक्कर न्हवं." त्यांनी मोहरीएवढे छर्रे भरलेली हलकी काडतुसं हातात ठेवली. मला अपमानच वाटला. तीन तबकड्या तशाच गेल्या. चौथीचा सकाळच्या उन्हात केशरी भुगा झाला, आणि माझ्याआधी आबाच ओरडले.

बारीक छर्रे दाट पसरतात, म्हणून नवख्याचंबी जमतं, हे मला फार उशिरा कळलं. तुझी पहिली तबकडी मला बघायचीया, रविवारी ये की.