नारूचे लॅटिन नाव

निजामाच्या राज्यात भालकीकडच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. थोरल्या बहिणीला, अक्काला, त्याच गावात दिलेले; मी धाकटा, म्हणून ती मला तम्मा म्हणे. सगळे गाव एकाच बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरी, आणि दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू बाहेर पडे.

बीदरच्या एका डॉक्टरांनी सूचनांचा उर्दू कागद मला मराठीत करायला दिला. "लॅटिन नाव माझ्या अहवालासाठी," ते म्हणाले. "लोकांना नारूच सांगा." शास्त्रात कृमीचे नाव दोन शब्दांचे असते, हाताने लिहिले तर खाली रेघ द्यायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. त्याचे मला फार अप्रूप वाटले.

मी 'नारू' शब्द गाळला. ठळक अक्षरांत 'ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस' लिहून पट्टीने लाल रेघ ओढली. शाळा तपासनीस येणार होते. त्यांनी तो कागद पाहावा, एवढाच हेतू. चावडीवर तो मीच वाचला: हा रोग पाण्यातून पोटात जातो, पाणी दुपदरी फडक्याने गाळून प्या. लोकांनी आदराने माना हलवल्या. माझ्या घरी त्या दिवसापासून पाणी गाळून येऊ लागले.

नारू पोटात गेल्यावर वर यायला वर्ष लागते. पुढच्या उन्हाळ्यात तो अक्काच्या घोट्यातून निघाला. काडीवर गुंडाळत ती तो रोज बोटभर ओढी.

"तम्मा, तुझ्या कागदात नारूचं काय न्हवतं रे?"

"होतं, अक्का. ते लांब नाव नारूचंच."

"अगं बया! मला वाटलं सायबाचं दुखणं हाय. नारूला बी शाळंत घातलास व्हय?" ती हसली.

चार दिवसांनी नारू आतच तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. तापात अक्का गेली.

तिचे दिवसकार्य झाल्यावर मी नवा कागद लिहिला, त्यात फक्त 'नारू', आणि चावडीवर वाचला. अक्काचे मालक समोर बसले होते.

"मास्तर, हे आदी कामून न्हाई सांगितलाव?"

"डॉक्टरानं आत्ताच कळवलंय, दाजी," मी म्हणालो.

ते उठून घरी गेले. अक्काचे जुने लुगडे आणून त्यांनी तिथेच फाडले, घरागणिक एकेक फडके दिले. एक माझ्याही हातात ठेवले. मी ते घेतले.